नमस्कार, येतो, थँक्यू: दुसऱ्या राज्यात रहायला जाताय तर आधी एवढं शिका

नोकरी लागली, ट्रान्सफर झाली, लग्न झालं, कारण काही असो, बेंगळुरू-हैदराबाद-चेन्नईला निघालेला मराठी माणूस बॅग भरता भरता मोबाइलवर तिथली भाषा शिकायला घेतो आणि सगळ्यात आधी धन्यवादला काय म्हणतात ते पाठ करतो. मग तिथे जाऊन तो शब्द वापरतो आणि समोरचा जरा विचित्र बघतो, कारण त्याच्या घरात तो शब्द कोणीच बोलत नाही. आपण तरी आईने पोळी वाढली की धन्यवाद म्हणतो का, नाही ना, तसंच आहे ते. रोजच्या बोलण्यात जास्त लागतं ते म्हणजे हाक कशी मारायची, जेवलात का कसं विचारायचं आणि निघताना काय म्हणायचं. थँक्यू शेवटी आलं तरी चालतं. म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवलाय.

पायरी १: नमस्कार, इथे फार डोकं लावू नका

ही सगळ्यात सोपी पायरी. कन्नडमध्ये नमस्कारच म्हणतात, तेलुगू आणि मल्याळममध्ये नमस्कारम, बंगालीत नोमोश्कार, ओडियात नमस्कार. फक्त तमिळमध्ये वेगळं, "वणक्कम". हात जोडून म्हणा, झालं. गुजरातीत "केम छो" आणि उत्तर "मजामा", हे तर मुंबईच्या कुठल्याही माणसाला येतंच.

थोडं लक्ष द्यायचं ते देवाधर्माच्या किंवा समाजाच्या अभिवादनाकडे. नियम सोपा आहे, समोरचा जे म्हणेल तेच आपण परत म्हणायचं. गुजरातमध्ये दुकानदार "जय श्री कृष्ण" म्हणाला तर आपणही जय श्री कृष्ण, जैन शेजारी "जय जिनेंद्र" म्हणाले तर जय जिनेंद्र, पंजाबी घरात "सत श्री अकाल" ला सत श्री अकाल. यात तुमचा धर्म कोणी विचारत नाही. दोन ठिकाणी मात्र उत्तर उलटं करून द्यायचं असतं. हैदराबादमध्ये कोणी "अस्सलामु अलैकुम" म्हणालं तर "वालेकुम अस्सलाम", आणि राजस्थानात "खम्मा घणी" म्हणालं तर "घणी खम्मा". हैदराबादच्या जुन्या वस्तीत "आदाब" पण चालतं आणि ते कोणालाही म्हणता येतं.

उत्तर कर्नाटकात, म्हणजे हुबळी, धारवाड, विजापूर बाजूला, लिंगायत घरांतून "शरणु" ऐकू येईल, त्याला "शरणु शरणार्थी" म्हणतात. आणि तिकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी "री" लागतो, तो मानाचा आहे, आपल्या "हो" "अहो" सारखा, "नमस्कार री", "आराम इद्दीरी?" असं. बेंगळुरूला हा "री" फारसा नाही, तिथे "चेन्नागिदीरा?" म्हणजे बरे आहात ना, आणि उत्तर "चेन्नागिदीनि".

लडाखला बाइकवर जाणाऱ्यांसाठी तर लॉटरीच आहे. तिथे "जुले" हा एकच शब्द, भेटल्यावर जुले, निघताना जुले, चहा दिला की जुले. ही पायरी आणि पुढच्या दोन-तीन पायऱ्या तुम्हाला माफ.

पायरी २: हाक मारायला शिका, सगळं काम इथे होतं

नुसतं नमस्कार म्हणून गप्प राहिलात तर तुम्ही पाहुणे, त्यापुढे अण्णा जोडलंत की तुम्ही तिथलेच. आणि इथे मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे, कारण कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे अण्णा, अक्का, अप्पा घराघरात आहेत. कन्नड आणि तमिळमध्ये मोठा भाऊ अण्णा, मोठी बहीण अक्का. तेलुगूत अन्ना आणि अक्का. मल्याळममध्ये मात्र "चेट्टा" आणि "चेच्ची". ऑटोवाला, भाजीवाली, वॉचमन, हॉटेलातला वाढपी, सगळ्यांना हेच. तमिळमध्ये वयाने लहान मुलाला "तंबी". बाईमाणसाला अम्मा म्हटलं तर दक्षिणेत पाचही राज्यांत कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट आंटी म्हणालात तर तिशीतल्या बायका लगेच चिडतात, ते सगळीकडेच आहे म्हणा.

तेलुगूत ऑफिसात किंवा मोठ्या माणसाच्या नावापुढे "गारू" लावायचं, आपल्या राव-साहेब सारखं, आणि वाक्याच्या शेवटी "अंडी". "नमस्कारं अंडी" म्हटलं की पुरे. गुजरातीत नावापुढे भाई किंवा बेन न लावता हाक मारलीत तर ते फार रुक्ष वाटतं, अगदी ऑफिसातसुद्धा. बंगालीत नावापुढे "दा" किंवा "दी".

आता खड्डे कुठे आहेत ते सांगतो, कारण नात्याचे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच माणूस पडतो. आपला "दादा" बंगालीत बरोबर चालतो, मोठा भाऊच. पण गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, वडिलांचे वडील. अहमदाबादला चाळिशीतल्या रिक्षावाल्याला दादा म्हणालात तर तो मागे वळून बघणार. आणि बंगालीत "काकू" म्हणजे काका! म्हणजे कोलकात्यात शेजारच्या काकूंना प्रेमाने काकू म्हणालात तर तुम्ही त्यांना काका म्हणताय. त्यांना "काकीमा" किंवा "माशीमा" म्हणा.

आणि एक, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. तेलुगू घरात दार उघडल्यावर "रंडि, रंडि" म्हणतील. दचकू नका, हसू तर अजिबात नका, ते "या, या" म्हणतायत, आणि तेही मानाने. जवळच्याला नुसतं "रा" म्हणतात, तुम्हाला रंडि म्हणतायत म्हणजे तुमचा मान ठेवतायत. कन्नडमध्ये तेच "बा" आणि "बन्नि", तमिळमध्ये "वा" आणि "वांग". नवीन माणसाने कायम मानाचं रूप, म्हणजे रंडि, बन्नि, वांग, वापरायचं, लहान मुलांशी बोलतानाही वापरलंत तरी कोणी हसणार नाही. ऑफिसातली पोरं आपसात "मगा", "मच्चा", "रा" (इथे रा म्हणजे आपलं अरे, यार) करत असतात ते ऐकून लगेच उचलू नका. आधी त्यांनी तुम्हाला म्हणू दे.

पायरी ३: जेवलात का

दक्षिणेत "हाउ आर यू" च्या जागी हे आहे असं धरून चाला. कन्नडमध्ये सकाळी "तिंडी आय्ता?" म्हणजे नाश्ता झाला का, दुपारनंतर "ऊट आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. उत्तर "आय्तु, निम्दु?" म्हणजे झालं, तुमचं? तमिळमध्ये "साप्टींगळा?" आणि उत्तर "साप्टेन, नींग?" तेलुगूत "तिन्नारा?" आणि "तिन्नानु, मीरु?" मल्याळममध्ये "चाया कुडिच्चो?" म्हणजे चहा घेतला का, "कुडिच्चु". बंगालीत "खेयेछेन?" आणि "खेयेछि". गुजरातीत "जम्या?" पुरतं.

हे आमंत्रण नसतं हे लक्षात घ्या. लिफ्टमध्ये शेजाऱ्याने ऊट आय्ता विचारलं आणि तुम्ही खरं खरं "नाही हो अजून, आज मेसला सुट्टी आहे" असं सुरू केलंत तर तो बिचारा अडकतो. पोटात काही नसलं तरी "आय्तु" म्हणायचं आणि पुढे जायचं. पण कोणाच्या घरात बसलेले असताना विचारलं तर ते खरंखुरं असतं, तिथे नाही म्हणालात की पाच मिनिटांत ताट समोर येतं.

मल्याळममध्ये जेवलात का असं थेट विचारायचं असेल तर एक बारीक गोष्ट आहे. "कऴिच्चो" म्हणजे जेवलात का आणि "कळिच्चो" म्हणजे खेळलात का. हा ऴ आपल्या ळ पेक्षा वेगळा, जीभ आणखी मागे वळवायची पण टाळूला लावायची नाही, र आणि य च्या मध्ये कुठेतरी आवाज येतो. तमिऴ या नावातही तोच आहे. जमेपर्यंत चहावरच भागवा. बाकी साधा ळ आपल्याला जन्मापासून येतो, उत्तरेकडच्या पोरांना तो महिनोन्महिने जमत नाही, त्यामुळे दोन-चार वाक्यं बोललात की "तुम्ही नॉर्थचे वाटत नाही" असं ऐकायला मिळतं, आणि त्याने घरभाडं कमी होत नाही पण बोलणं मात्र सोपं होतं.

पायरी ४: निघताना "जातो" म्हणू नका

लहानपणी जातो म्हटलं की घरातून कोणीतरी ओरडायचंच, "जातो नाही, येतो म्हण". तो ओरडा इथे उपयोगी पडतो कारण नियम अर्ध्या भारतात तोच आहे. ही पायरी नीट करा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

कन्नड: "होग्बर्तीनि", म्हणजे जाऊन येतो. घरातले म्हणतात "होग्बन्नि", जाऊन या.

तमिळ: "पोय्ट्टु वरेन". उत्तर "पोय्ट्टु वांग". घाईत नुसतं "वरेन" किंवा "वरट्टुमा?" म्हणजे येऊ का. नुसतं "पोरेन" म्हणजे जातो, ते म्हाताऱ्या माणसांसमोर अजिबात नको.

तेलुगू: "वेळ्ळोस्तानु". मल्याळम: "पोय्ट्टु वराम", आणि मित्रांत "काणाम" म्हणजे भेटू.

बंगाली: "आशि", म्हणजे येतो. उत्तर "आशुन", लहानांना "एशो". ओडियात "आसुछि". गुजरातीत "आवजो". कोकणीत "येतां".

बघा, जवळजवळ सगळीकडे परत येण्याचंच बोलणं आहे. आणि अजून एक बरं की कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली या सगळ्यांत "मी येतो" आणि "मी येते" एकच असतं, बोलणारा पुरुष आहे का बाई यावरून क्रियापद बदलत नाही, त्यामुळे वरची वाक्यं कोणीही जशीच्या तशी पाठ करावीत.

हे कुठे म्हणायचं नाही तेही माहीत पाहिजे. कोणाच्या घरी मयत झालंय आणि तुम्ही भेटायला गेलात, तर निघताना "पोय्ट्टु वरेन" म्हणत नाहीत. आपल्याकडेही अशा घरातून येतो न म्हणता निघतात, तसंच. हात जोडायचे, मान हलवायची, उठायचं, दारापर्यंत कोणी सोडायला येईल अशी अपेक्षा ठेवायची नाही. नवीन माणसाला वाटतं काहीतरी बोललं पाहिजे आणि तो नुकतंच पाठ केलेलं वाक्य टाकतो. नका टाकू.

गोव्याचं जरा वेगळं आणि फार गोड आहे. ख्रिस्ती घरांत भेटल्यावर किंवा निघताना "देव बरो दीस दिवं", देव चांगला दिवस देवो, आणि निरोप घेताना "मोग आसूं", म्हणजे प्रेम असू द्या. मराठी माणूस गोव्यात जाऊन सरसकट मराठीच बोलतो आणि समोरचा मराठीत उत्तर देतो, त्यामुळे हे शब्द कानावर पडूनही शिकले जात नाहीत. एकदा म्हणून तर बघा, पोदेराकडे पाव घेताना.

पायरी ५: फोन ठेवताना

ही कुठल्याच पुस्तकात सापडत नाही आणि रोज लागते. आपण म्हणतो ना "चल, ठेवतो", अगदी तसंच सगळे म्हणतात. कन्नड "इड्तीनि", तमिळ "वच्चिडरेन", बंगाली "राखछि", गुजराती "मूकुं छुं", सगळ्यांचा अर्थ ठेवतो. तेलुगूत "उंटानु", म्हणजे राहतो, असं म्हणतात. घरमालकाशी पूर्ण फोन इंग्रजीत किंवा तोडक्या हिंदीत झाला आणि शेवटी फक्त "सरि अण्णा, इड्तीनि" म्हणालात तरी पुढच्या वेळी तो स्वतःहून गप्पा मारतो. "सरि" म्हणजे ठीक आहे, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम चारही भाषांत थोड्याफार फरकाने चालतं. चार भाषांचा एक शब्द फुकट.

पायरी ६: आता थँक्यू

शब्द देतो, पाठ करून ठेवा. कन्नड "धन्यवादगळु", तेलुगू "धन्यवादालु", तमिळ "नन्रि", मल्याळम "नन्नि", बंगाली "धोन्नोबाद", गुजराती "आभार". यातले बहुतेक स्टेजवर, बातम्यांत, मेट्रोच्या अनाउन्समेंटमध्ये आणि पत्रिकेच्या शेवटी असतात. दुकानात, ऑटोत, ऑफिसात लोक सरळ "थँक्स" म्हणतात, म्हणून तुम्हीही "थँक्स अण्णा", "थँक्स अंडी", तमिळमध्ये "रोंब थँक्स" (रोंब म्हणजे खूप) म्हणा. शुद्ध शब्द ठेवा म्हाताऱ्या माणसांसाठी, शिक्षकांसाठी, सोसायटीच्या कार्यक्रमात माइक हातात आला तर त्यासाठी. गोवा इथेही अपवाद, "देव बरें करूं" हे खरंच रोज बोललं जातं, त्यात लाजायचं काही नाही. पंजाबीत "मेहरबानी" पण बोलण्यातलंच आहे.

कोणी घरी जेवायला घातलं तर थँक्यू म्हणून उठणं मला तरी फार कोरडं वाटतं. जेवणाबद्दल बोला. कन्नडमध्ये "ऊट तुंबा चेन्नागित्तु", तेलुगूत "भोजनं चाला बागुंदि", बंगालीत "खूब भालो होयेछे". आणि नुसतं छान नाही, पदार्थाचं नाव घ्या, सारू, पप्पू, शुक्तो जे काय असेल ते, कारण ज्या बाईने सकाळपासून ते केलंय तिला नाव घेतलेलं कळतं. दुसऱ्यांदा वाढून घेणं हा तर सगळ्या भाषांतला थँक्यू आहे, फक्त पोटात जागा ठेवून जा.

कोणी तुम्हाला थँक्स म्हणालं तर उत्तर? आपण पर्वा नाही म्हणतो ना, तीच पर्वा तिकडे पण गेलीय. कन्नड "परवागिल्ला", तमिळ "परवाल्ल", तेलुगू "परवालेदु". कोणाचा धक्का लागला, सॉरी म्हणाला, तरी हेच उत्तर. मल्याळममध्ये "सारमिल्ला".

पैसे किंवा वस्तू देताना-घेताना उजवा हात, हे शब्दांपेक्षा जास्त बघितलं जातं.

आणि "मला येत नाही" हे वाक्य पाठ करू नका. बेंगळुरूत नवीन माणूस पहिलं वाक्य शिकतो ते "कन्नड गोत्तिल्ला", कन्नड माहीत नाही, आणि तिथेच संभाषण संपतं. त्याऐवजी "कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते", थोडं थोडं येतं. तेलुगू "कोंचेम कोंचेम वच्चु", मल्याळम "कुरच्चु कुरच्चु अरियाम". यावर समोरचा हमखास हसतो आणि हळू बोलायला लागतो.

देशाबाहेर निघालेल्यांसाठी थोडंसं

पुण्यात जपानी आणि जर्मन शिकणारे एवढे आहेत की त्यांच्यासाठी चार ओळी लिहिल्याच पाहिजेत, पण त्यांना क्लासमध्ये शिकवलेलं मी परत सांगत नाही.

जपानमध्ये "सायोनारा" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना येतो आणि तिथे ऑफिसात सहकाऱ्यांना तो कोणी फारसा म्हणत नाही, तो कायमच्या निरोपासारखा वाटतो. दुसऱ्यांच्या आधी निघत असाल तर "ओसाकि नि शित्सुरेइ शिमास", म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफी असावी, आणि मागे थांबलेले म्हणतात "ओत्सुकारेसामा देश्ता", तुम्ही दमलात हो, काम केलंत. घरातून बाहेर पडताना मात्र "इत्तेकिमास", आणि याचा अर्थ ऐकून मराठी माणूस एकदम घरचा होतो, जाऊन येतो! घरातले म्हणतात "इत्तेराश्शाइ", जाऊन ये. आभार मानायला "अरिगातो गोझाइमास" आहेच, पण कोणी तुमच्यासाठी दार धरलं, पडलेली वस्तू उचलून दिली, तर तिथे बरेचदा "सुमिमासेन" म्हणतात, म्हणजे तुम्हाला त्रास झाला. दुकानात शिरल्यावर "इराश्शाइमासे" असं मोठ्याने ओरडतात त्याला उत्तर द्यायचं नसतं, उगाच वाकत बसू नका.

जर्मनीत कुठल्या शहरात चाललाय ते आधी बघा. हॅम्बुर्गला सकाळ असो की रात्र "मॉइन", म्युनिकला "ग्रूस गॉट" किंवा मित्रांत "सर्वुस", जे भेटताना आणि निघताना दोन्हीकडे चालतं, आणि जर्मनीबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला गेलात तर "ग्रुएत्सी". डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना बसलेल्या अनोळखी लोकांना सुद्धा गुटन टाग म्हणायचं, मग खुशाल मोबाइलमध्ये डोकं घाला. दुपारी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये कोणी "माल्त्साइट" म्हणालं तर तेच परत म्हणा, हे त्यांचं ऊट आय्ता.

सगळ्यात जास्त फसतात ते "डांके" मध्ये. कोणी विचारलं कॉफी घेणार का आणि तुम्ही नम्रपणे नुसतं "डांके" म्हणालात तर ते बऱ्याचदा नको असं धरतात, किटली पुढे निघून जाते आणि दुसऱ्यांदा आग्रह होत नाही, आपल्यासारखं "घ्या हो थोडी" तिथे नाही. हवी असेल तर "या, बिटे" किंवा "गेर्न" म्हणा, कप हातात आल्यावर मग डांके.